चुकीतला माझा वाटा

हेमंतदादा, मी आज जो कुणी आहे तो सर्वांत जास्त तुझ्यामुळे आहे. हे वाक्य आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला मी कृतघ्न वाटणार नाही. तुझे उपकार मी विसरलेलो नाही. विसरू म्हटलं तरी आई विसरू देणार नाही. पण तुझ्याबद्दल लिहायला बसलो की उपकारांच्या आधी हेवाच येऊन पुढ्यात बसतो. तू होतास तेव्हाही तो होता. मला वाटलं होतं, माणूस गेला की त्याचा हेवाही संपत असेल. तुझ्या दहाव्याला सुरतच्या डिंडोलीत तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवर बसून मी लोकांचं बोलणं ऐकत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की तो उलट वाढला आहे.

जो उठत होता त्याला तू त्याचाच वाटत होतास. लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे, म्हातारे सांगत होते, हेमंत आमच्या मांडीवर वाढला. वैमानिक मुलं-मुली, तुझे विद्यार्थी, रांगेनं येऊन फोटोपुढे हात जोडत होती आणि प्रत्येकजण म्हणत होता की सरांनी मला एकट्याला बसवून शिकवलं. मी मनात म्हणत होतो, एकट्याला बसवून फक्त मला शिकवलंय. ते नातं एवढ्या लोकांत वाटलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते बरं वाटलं नाही.

आपण सुरतजवळ कामरेजला एका ओळीत बांधलेल्या खोल्यांत वाढलो. तुझे बापू आणि माझे वडील दोघंही खानदेशातल्या शिरपूरकडून आलेले, दोघंही एकाच खात्यात. लूमच्या कारखान्याला आपण खातंच म्हणायचो. आपण दुपारचे डबे घेऊन जायचो तेव्हा आत शिरताच आवाजानं छाती थरथरायची. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, चहा आला, सगळ्याला खुणा होत्या. सर्वांत जास्त लागणारी खूण म्हणजे दोन बोटं वर करून मान जराशी हलवायची. अर्थ एवढाच, की बघितलं, चालू दे. त्या खुणा मला तू शिकवल्यास. शाळेत मागच्या बाकावरून आणि घरी आईच्या पाठीमागून आपण त्याच भाषेत बोलत असू. ती भाषा येणारा माझ्या वयाचा दुसरा मुलगा त्या ओळीत नव्हता, आणि म्हणून मला वाटे की तू माझ्या वाट्याला आलेला आहेस.

तुझी पुस्तकं मला आली. तुझी सायकल आली, सीट खाली करून. दहावीला तुझा शर्ट आला. तो आईनं बाह्या आत दुमडून शिवला होता. तू विमान चालवायला शिकायला गेलास तेव्हा अख्ख्या ओळीत पेढे वाटले गेले, आणि मी ठरवलं की मीही तेच करणार. मला विमानाचं वेड होतं असं मी मुलाखतींत सांगत आलो. खरं सांगायचं तर मला तुझं वेड होतं. घरी काहीही विचारलं की आईचं एकच उत्तर असे, "हेमंतले इचार." गणित अडलं, हेमंतले इचार. बँकेत कर्जासाठी काय बोलायचं, हेमंतले इचार. एकदा मी चिडून विचारलं होतं, मला ताप आलाय का हेही त्यालाच विचारू का? तिनं खरंच तुला हाक मारली होती, आणि तू येऊन माझ्या कपाळाला हात लावला होतास. ताप नव्हता.

बारावीनंतर मी लगेच तुझ्यामागे निघालो होतो. तू अडवलंस. म्हणालास, आधी बी.एस्सी. कर. डोळ्यांत नाही तर कानात काहीतरी निघतं, वैद्यकीय तपासणीत परवाना जातो, मग हातात काय राहतं? तू स्वतः पदवी घेतली नव्हतीस आणि ते तुला खटकायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, तू मला मागे ठेवतोयस. मी बारडोलीच्या कॉलेजात रोज बसनं जायचो आणि रोज तुझ्यावर रागवायचो. शेवटी आपल्या दोन्ही घरांतला पहिला पदवीधर मी झालो. एवढी एक गोष्ट माझ्याकडे होती, जी तुझ्याकडे नव्हती.

पदवीदानाला तू सुट्टी काढून आलास. मी भाड्याचा काळा गाऊन घालून उभा होतो. आईनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली, तुझ्या डोक्यावर ठेवली आणि फोटोग्राफरला म्हणाली, आता याचा काढ. तू लाजून टोपी परत देत होतास, ती तुझा हात धरून थांबवत होती. आमच्या घरात भिंतीवर तोच फोटो आहे. टोपी तुझ्या डोक्यावर, गाऊन माझ्या अंगावर, आणि आई तुझ्याकडे बघते आहे. पाहुणे विचारतात, मोठा मुलगा का? आई नाही म्हणत नाही.

हे सगळं मी तुला बोलून दाखवलं असतं तर तू हसला असतास आणि म्हणाला असतास, घे बाबा तुझी टोपी. म्हणूनच बोललो नाही. पण ज्या एका गोष्टीवरून आपण खरोखर भांडलो, आणि जे भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास, ती गोष्ट मला इथे नीट सांगायची आहे. लोकांनी ती तुझ्या तोंडून ऐकली आहे. माझ्याकडून कुणी ऐकलेली नाही.

तू कॅप्टन होऊन काही वर्षं झाली होती. मी त्याच कंपनीत सहवैमानिक म्हणून लागलो होतो, पण एका विमानात आपण कधी आलो नव्हतो. मग एकदा महिन्याच्या रोस्टरमध्ये आपली नावं शेजारी शेजारी दिसली. एका मोठ्या शहरातून निघून सुरतला उतरायचं होतं, आणि पुढच्या फेरीआधी मध्ये बराच वेळ होता. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "हेमंतले जेवाले आनजो." मलाही जेवायला मिळेल हे मी धरून चाललो.

विमानतळावरून निघालेलं विमान मनाला येईल तसं वर जात नाही. बाहेर पडायच्या वाटा ठरलेल्या असतात आणि त्या वाटांवर उंचीची बंधनं असतात. अमुक ठिकाण ओलांडेपर्यंत अमुक उंचीच्या वर जायचं नाही, कारण तिथेच डोक्यावरून उतरणारी विमानं जात असतात. त्या दिवशी कंट्रोलरनं आपल्याला दहा हजार फुटांपर्यंत चढायला सांगितलं, वाटेतली बंधनं पाळून. त्यातलं एक सहा हजारांचं होतं. विमान तू चालवत होतास. तू उंचीचा नॉब फिरवून दहा हजार हा आकडा लावलास, आणि आकडा बरोबर होता. आता तो नॉब आत दाबायचा की बाहेर ओढायचा, एवढंच उरलं होतं. आत दाबला तर विमान वाटेतली बंधनं पाळत चढतं. बाहेर ओढला तर मधलं काही न बघता थेट वरच्या आकड्याकडे निघतं. त्या ठिकाणी कंट्रोलर ते सहा हजारांचं बंधन बहुतेक वेळा स्वतःच काढून टाकतात, त्यामुळे हाताला ओढायची सवय झालेली. त्या दिवशी त्यांनी काढलेलं नव्हतं. तू नॉब ओढलास.

इथे चूक पकडायची सोय आहे. नॉबला ज्यानं हात लावला त्यानं समोरच्या पडद्यावर उमटलेलं मोठ्यानं वाचायचं, आणि दुसऱ्यानं ते स्वतः बघून दुजोरा द्यायचा. बंधनं पाळत चढतोय की न पाळता, ते पडद्यावर लिहून येतं. आपल्यापैकी एकानं जरी वाचलं असतं तरी तिथल्या तिथे कळलं असतं. पण रेडिओवर कुणाचं तरी लांबलचक बोलणं चाललं होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि दोन बोटं वर केलीस. मी दोन बोटं वर केली.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, सर, हे काय? तुझ्या जागी दुसरा कॅप्टन असता तर मी नियमाप्रमाणे वाचलं असतं, कारण त्याची मला भीती असती. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. तो आपण पाळला, आणि कामाचंही बोललो नाही. मला तेव्हा काय वाटत होतं तेही सांगतो. मला फार छान वाटत होतं. एवढ्या उंचीवर, एवढ्या महाग यंत्रात, कामरेजच्या खात्यातली खूण चालली होती आणि ती समजणारा जगात मी एकटा होतो.

मग सहा हजार मागे गेले. कंट्रोलरचा आवाज आला, घाईचा. त्याच क्षणी आपल्या विमानातलं टक्कर टाळायला सावध करणारं यंत्र "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणालं आणि पाठोपाठ चढणं थांबवायला सांगू लागलं. तू थांबवलंस. तुझे हात जराही घाबरले नाहीत. उजवीकडे, माझ्या खिडकीतून, एका विमानाचं पांढरं पोट वरून सरकत गेलं. अंतर होतं, पण असायला हवं तेवढं नव्हतं. मागे बसलेल्या प्रवाशांना जरासा झोका जाणवला असेल, बाकी काही नाही. सुरतला तू नेहमीसारखाच मऊ उतरलास. मी मनात म्हटलं, एवढं झाल्यावरही याचं उतरणं माझ्यापेक्षा चांगलं. दादा, असा माझा हेवा. त्या वेळीही त्याला सुट्टी नव्हती.

सगळे प्रवासी उतरल्यावर तू सीटवर बसूनच कंपनीला फोन लावलास. काही लपवलं नाहीस, मऊ केलं नाहीस. आपल्याला पुढच्या फेरीवरून काढलं. आपण बाहेर आलो तर, उशीर झाला म्हणून आईच रिक्षावाल्याला थांबवून डबा घेऊन उभी होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांदा. विमानतळाबाहेर एका झाडाखालच्या कठड्यावर तिनं फडकं पसरलं. तू गणवेशात, खाली मान घालून तिला सांगितलंस, "काकू, आज मन्हा हातथून मोठी चूक व्हयनी."

तिनं विचारलं, कुणाला लागलं का? तू म्हणालास, नाही.

"इमान खाले उनं ना? मंग जेव," ती म्हणाली आणि तुझ्या भाकरीवर भरीत वाढलं.

मी म्हटलं, माय, चूक माझीही आहे, मीही बघितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू काय करशी, तू ते धाकला," ती म्हणाली.

मला वाटलं तू तरी म्हणशील, नाही काकू, अर्धी त्याची आहे. तू घास गिळलास आणि म्हणालास, "काकू बरोबर सांगतात."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. तू लेखी अहवालात लिहिलंस की चूक पूर्णपणे कॅप्टनची आहे. मी माझ्या अहवालात लिहिलं की पडदा वाचणं माझं काम होतं, मी वाचला नाही, आणि हाताच्या खुणेला मी दुजोरा समजलो. सुरक्षा विभागातल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, तुम्ही दोघं भाऊ आहात का? इथे लोक चूक दुसऱ्याकडे ढकलतात, तुम्ही एकमेकांकडून ओढताय. मला ते आवडलं होतं. तुला नव्हतं आवडलं. बाहेर जिन्यात तू मला थांबवलंस. तुझं कॅप्टनचं प्रशिक्षण जवळ आलंय, म्हणालास, तुझ्या नावावर हे कशाला हवं? मी म्हटलं, जे झालं ते झालं तसं नावावर यायला हवं. अर्धी माझी आहे.

"चूक मन्ही शे," तू म्हणालास. "ती मन्हीच राहू दे."

तू जिना उतरून गेलास. मला पुन्हा सिम्युलेटरमध्ये बसवून तपासलं आणि थोड्याच दिवसांत विमानावर पाठवलं. तुला बरेच महिने जमिनीवर ठेवलं. मला तुझी काळजी वाटत होती, पण तुझी काळजी करणं हेही कधी माझ्या एकट्याच्या वाट्याला येत नसे. आईनं तुझ्यासाठी सोमवार धरले.

नंतर जे झालं त्यानं मी चकित झालो. तू परत उडायला लागलास, आणि कंपनीच्या प्रशिक्षण विभागानं तुला बोलावलं. नव्या बॅचला तुझी ती चूक तुझ्या तोंडून सांगशील का म्हणून विचारलं. दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. तू फळ्यावर नॉब काढलास, एक बाण आत, एक बाण बाहेर, आणि सांगायला लागलास. एका बॅचला सांगितलंस, मग दुसऱ्या, मग सगळ्यांना. पुढे तू उडण्यापेक्षा शिकवायलाच जास्त ओळखला जाऊ लागलास. वैमानिकाची चूक म्हटली की लोक तिला कपाटात ठेवतात. तुझी चूक कॉकपिटमध्ये गेली. निघायच्या आधी आम्ही वाटेतली बंधनं एकमेकांना वाचून दाखवतो, तेव्हा पोरं म्हणायला लागली, हेमंत सर लक्षात ठेवू या.

मी कॅप्टन झाल्यावर एकदा माझ्या शेजारचा सहवैमानिक तेच म्हणाला. मी विचारलं, काय आहे रे ही गोष्ट? त्यानं मला सगळी सांगितली. त्याच्या गोष्टीत पाऊस होता, वीज होती. आपल्या वेळी आभाळ निरभ्र होतं. मी म्हटलं, आणि शेजारी कोण होतं? तो म्हणाला, होता कुणीतरी चांगला मुलगा, सर म्हणतात त्याची काही चूक नव्हती. मी पुढचं वाचायला घेतलं. त्या दिवशी मी सगळे आकडे जरा जास्तच मोठ्यानं वाचले.

हे वाचणाऱ्यांना हसू येईल, की माणूस चुकीसाठी भांडतो का? पण मला आयुष्यात सगळं तुझं वापरलेलं मिळालं. पुस्तकं, सायकल, शर्ट, सुरुवातीचा हेडसेटसुद्धा. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, मनापासून. चूक तेवढी नवी कोरी होती. दोघांनी मिळून केलेली, दोघांशिवाय होऊच न शकलेली. ती तू एकट्यानं नेलीस, आणि तिच्यामुळे लोकांनी तुला आणखी मोठं केलं. मी तिच्यात असतो तर मीही तुझ्या बरोबरीचा वैमानिक ठरलो असतो, चुकू शकणारा, जबाबदार धरला जाणारा. तू मला निर्दोष ठेवलंस. निर्दोष म्हणजे आईच्या भाषेत धाकला.

मग तू आजारी पडलास. रक्ताचा आजार निघाला आणि परवाना गेला. ज्याची भीती तू मला घातली होतीस ते तुझ्याच बाबतीत झालं, आणि तुझ्या हातात पदवी नव्हती. पण तुझ्या हातात ती चूक होती. तू शिकवत राहिलास. मी डिंडोलीला यायचो, तू गादीवर उशीला टेकून बसलेला असायचास, आणि आपण भाज्यांचे भाव, बापूंचा गुडघा, कोण कुठल्या कंपनीत गेलं, असलं काहीतरी बोलायचो. आई माझ्यासोबत यायची आणि तुझे पाय चेपत बसायची. तिच्यासमोर मला हा विषय काढता येईना. ती नसताना काढला की तू उशी नीट करायला सांगायचास. एकदा तू म्हणालास, संदीप, तू अजून तिथेच आहेस का? मी म्हटलं, हो. तू डोळे मिटलेस. शेवटी मी पत्र लिहून पोस्टानं पाठवलं. सुरतहून सुरतला. तुझं उत्तर आलं नाही. पुढच्या भेटीत तू त्याबद्दल बोलला नाहीस, आणि त्याच्या पुढची भेट झाली नाही.

दहाव्याच्या दिवशी माणसं पांगायला लागली होती. आई आत बायकांमध्ये होती. एक मुलगी माझ्यापाशी आली. भरूचची आहे, कृपा तिचं नाव, तुझ्या शेवटच्या बॅचची. तिनं आधी माझ्याकडे निरखून बघितलं, मग विचारलं, "तमे संदीप सर छो ने?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, हिलाही सांगायचं असेल की सरांनी तिला एकटीला बसवून शिकवलं. ती म्हणाली की शेवटच्या वर्गाला तू फार थकलेला होतास, फळ्यावरचे बाणही तू एका मुलाला काढायला लावलेस. गोष्ट नेहमीच्या ठिकाणी आली, चांगला मुलगा शेजारी बसला होता तिथे, आणि तू थांबलास. त्यांना वाटलं तुला त्रास होतोय, पाणी आणायला कुणी उठलंही. मग तू सांगितलंस, की इतकी वर्षं मी ही गोष्ट अर्धीच सांगत आलो. शेजारी संदीप होता. पडदा वाचणं त्याचं काम होतं, त्यानं वाचला नाही. मी वाचला नाही. आम्ही एकमेकांना लहानपणापासून ओळखतो म्हणून वाचला नाही. तुम्ही ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवता त्याच्या शेजारी बसाल, तेव्हा सर्वांत मोठ्यानं वाचा.

ती म्हणाली, आम्हाला हे आधीच्या बॅचनं असं सांगितलं नव्हतं. एका मुलानं तुला विचारलं, की सर, त्यांचं नाव असं घेतलं तर त्यांना वाईट नाही का वाटणार? तू हसलास म्हणे. म्हणालास, "वाईट? त्यानं पत्र पाठवून मागून घेतलंय."

तिचं बोलणं ऐकून आजूबाजूचे दोघं-तिघं वैमानिक माझ्याकडे वळून बघायला लागले. त्यांच्या नजरेत मी चुकलेला माणूस होतो. दादा, पदवीच्या दिवशी गाऊन घालून जेवढा ताठ उभा राहिलो नव्हतो तेवढा मी त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये उभा राहिलो.

आणि लगेच पुन्हा हेवा वाटला. त्या मुलीचा. तिनं ते तुझ्या तोंडून ऐकलं. मी तुझ्या वर्गात कधी बसलोच नाही. तू माझं नाव कुठल्या आवाजात घेतलंस, जरा अडखळून की सरळ, ते मला तिला विचारावं लागलं. ती म्हणाली, सरळ घेतलं. मला तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

तुझे आभार मानायचे राहून गेले. आता तू ऐकणार नाहीस, आणि ऐकलं असतंस तर उशी नीट करायला सांगितली असतीस. तुला पाठवलेलं ते पत्र मी खाली देतो आहे. मी त्यात काही सुधारलेलं नाही.

प्रिय दादा,

तुझ्या घरापासून माझं घर जवळ आहे तरी पोस्टानं पाठवतो आहे, कारण समोर आलो की तू विषय बदलतोस आणि मी बदलू देतो.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, परवाच बघून गेलो. पुढच्या महिन्यात तुझा वर्ग आहे असं वहिनी म्हणाल्या. डॉक्टर नको म्हणतात तरी तू जाणार, हे मला माहीत आहे. त्या वर्गाबद्दलच लिहितो आहे.

तू ती गोष्ट सांगतोस, ती चुकीची सांगतोस. आकडे बरोबर आहेत, नॉब बरोबर आहे. माणसं चुकीची आहेत. तुझ्या गोष्टीत एक माणूस चुकतो. खरं म्हणजे दोन माणसं चुकली, आणि दोन चुकली म्हणून विमान वर गेलं. एक चुकला असता आणि दुसरा जागा असता तर काहीच झालं नसतं आणि तुला फळ्यावर काही काढावं लागलं नसतं. तू पोरांना शिकवतोस की कॅप्टन चुकला. ती पोरं उद्या उजव्या सीटवर बसणार आहेत. त्यांना कुणी सांगायचं की उजव्या सीटवरचाही चुकतो? तू माझं नाव लपवून त्यांचं नुकसान करतो आहेस. आणि हे कारण खरं असलं तरी मी त्यासाठी पत्र लिहीत नाही, हेही सांगून टाकतो.

मला तुझा हेवा वाटतो. लहानपणापासून वाटतो. तुझ्या टोपीचा, माझ्या आईचा, तुझ्या उतरण्याचा. पण सर्वांत जास्त त्या चुकीचा. लोक ती तुझ्या नावानं ओळखतात. ती आपली आहे. मला ती परत नको, मला फक्त वाटा हवा. मी आता कॅप्टन आहे, घरी एक मुलगी आहे, डोक्यावर पांढरे केस आलेत. माझं कुणी काही बिघडवू शकत नाही, त्यामुळे मला वाचवायचं कारणही उरलेलं नाही.

पुढच्या वर्गात माझं नाव घे. आडनाव नको, नुसतं संदीप म्हण. संदीप चुकला असं म्हण.

तू मला दहावीपासून पदवीपर्यंत आणि पदवीपासून इथवर आणलंस. त्याची फेड होणार नाही आणि तू ती मागणारही नाहीस. पण तू नेहमी सगळी जागा अडवून बसलास, दादा. चांगुलपणानं बसलास, तरी सगळीच. आता मला तुझ्या शेजारी बसायचं आहे. जरा सरकून घे.

जाऊ नकोस. नुसता सरक.

तुझा,
संदीप